अर्ज मिळाला आहे

बारावीचा निकाल लागला की आमच्या सेलूत पेरणीच्या हंगामाबरोबर आणखी एक हंगाम सुरू होतो. शेतात बाया सरकी टोबत असतात आणि इकडं स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानांपुढं चपलांचा ढीग पडतो. पोरींच्या छातीशी प्लास्टिकच्या फायली. फायलीत मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, डोमिसाईल, आणि सगळ्याच्या दोन-दोन प्रती. आत झेरॉक्सच्या मशीनची गरम हवा, शाईचा जळका वास, भिंतीवरचा कुरकुरणारा पंखा. तीन कॉम्प्युटर आणि तिन्हींपुढं वाकलेली डोकी. "सबमिट होईना गेलंय," असं कुणीतरी म्हणतं, आणि मागं उभा असलेला बाप कपाळावरचा घाम पुसत विचारतो, "मंग आता?"

एके काळी मला हा वास, ही गर्दी फार आवडायची. या गर्दीतलं प्रत्येक पान कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्यांतली मी एक, याचा अभिमान वाटायचा. आता निकालानंतरचा महिनाभर मी त्या रस्त्यानं जात नाही. स्टेशनला जायचं झालं तर मागच्या गल्लीतून जाते.

या वर्षी मात्र हंगाम घरातच आला. बहिणीची मुलगी श्रेया माझ्याच टेबलावर बसून अर्ज भरत होती. बाहेर ढग दाटलेले, पाऊस नाही, नुसतं उकडत होतं. तिनं बटण दाबलं, पांढऱ्या पानावर हिरवी खूण उमटली आणि तिनं खुर्ची मागं सारली.

"झालं मावशी. आता काही करायचं नाही ना?"

"परत आत जाऊन बघ. यादीत तुझं नाव काय म्हणून दिसतंय ते बघ."

"अगं, लिहून आलंय की. अर्ज मिळाला म्हणून."

"लिहून आलं म्हणजे मिळाला का?"

माझा आवाज एवढा चढला की स्वयंपाकघरातून बहीण बाहेर आली. श्रेयानं मुकाट्यानं पुन्हा आत जाऊन बघितलं. तिचं नाव व्यवस्थित होतं. मी उठून ओट्याशी गेले आणि तांब्याभर पाणी प्याले. सात वर्षं झाली, तरी 'अर्ज मिळाला आहे' हे शब्द समोर आले की माझा आवाज असाच चढतो.

तेव्हा मी परभणीला गिरीश सरांकडं कामाला होते. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात कोऱ्या कापडाचा वास भरलेला असायचा. आम्ही शाळा-कॉलेजांच्या, दवाखान्यांच्या वेबसाईट करायचो. सर गिऱ्हाइकांशी बोलायचे, चित्रं-रंग बघायचे. मागचं सगळं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्ट, माझ्याकडं. सकाळी घरी लिंगपूजा उरकून, कपाळावरची विभूती तशीच ठेवून मी सेलूहून पॅसेंजर पकडायची. खिडकीतून काळी रानं दिसायची. मानवत रोडला गाडी रेंगाळायची. डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा दुकान, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची संगीता कॉम्प्युटरच्या आतलं लिहिती." बाहेरचं आणि आतलं असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडं एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचं काम होतं. जागा चाळीस. अर्ज ऑनलाईन भरायचा, कागद स्कॅन करून जोडायचे आणि 'सादर करा' दाबायचं. तसं दाबलं की माझी स्क्रिप्ट अर्ज नोंदवायची आणि त्या मुलीला पुढच्या पानावर पाठवायची, जिथं तिचा अर्ज क्रमांक दिसायचा. या पाठवण्याला आम्ही रिडायरेक्ट म्हणतो. काम एका ओळीचं असतं. ब्राउझरला सांगायचं, इथं थांबू नको, त्या पत्त्यावर जा. अट एवढीच, की हे सांगायच्या आधी सर्व्हरकडून दुसरं काहीही बाहेर पडलेलं नसावं. एक अक्षर नाही, मोकळी ओळसुद्धा नाही. आधी काही गेलं तर पत्ता पोचतच नाही, आणि पान आहे तिथंच राहतं, कोरं, वर इंग्रजीत एक इशारा घेऊन.

शेवटची तारीख शनिवार होती. बुधवारी सकाळी कॉलेजातून फोन आला, की पान पुढं जाईना. पोरी बटण दाबतात आणि पांढरा पडदा येतो. दुपारपर्यंत तीन फोन झाले.

"संगीता, काय करायलीस तू?" सरांनी दारातूनच विचारलं. "गावाकडून आलेल्या पोरी हायेत त्या. एकेक दिवस मोडून यायल्यात."

मी सगळी फाईल वरून खाली वाचली. कुठं मोकळी ओळ राहिलीय का, कुठं एखादी जागा सुटलीय का. काहीच नव्हतं. स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली. दिवे गेले, इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला, पंखा मंदावला, मानेवरून घाम ओघळत होता आणि पडद्यावर तोच इशारा: काहीतरी आधीच बाहेर गेलेलं आहे. काय गेलं होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी एकेक तुकडा सुटा करून बघायला लागले. रिडायरेक्टच्या ओळीखाली एक शब्द लिहायचा असतो, एक्झिट. ब्राउझरला पुढं जा म्हणून सांगितलं, तरी सर्व्हरवरची स्क्रिप्ट आपोआप थांबत नाही. ती खालच्या ओळी वाचत जाते आणि जे लिहिलंय ते करत जाते. एक्झिट म्हटलं की ती तिथंच थांबते. चूक खालच्या बाजूला असेल तर ती मला दिसावी, म्हणून मी त्या शब्दापुढं दोन तिरक्या रेघा मारल्या. तशा रेघा मारल्या की तो शब्द असून नसल्यासारखा होतो. चूक शोधताना आम्ही सगळेच असं करतो. सापडली की रेघा काढून टाकायच्या.

चूक सापडली साडेबाराला, आणि ती भलतीकडंच होती. अर्ज भरल्यावर पूर्वी इंग्रजीत दोन शब्द यायचे. खेड्यातल्या पोरींना आपल्या भाषेत काही वाचायला मिळावं म्हणून मंगळवारी मी ते बदलले होते. 'आपला अर्ज मिळाला आहे. काळजी करू नका. आम्ही आपल्याला फोन करू.' हे मी साध्या नोटपॅडमध्ये मराठीत टाइप केलं आणि जतन केलं. नोटपॅडनं त्या फाईलच्या अगदी सुरुवातीला आपली एक खूण ठेवून दिली होती. ती खूण कुठल्याही पडद्यावर दिसत नाही, पण सर्व्हर ती बाहेर पाठवतो, सगळ्यात आधी. तेवढ्यानं वाट अडली होती. मी ती फाईल खुणेशिवाय जतन केली, बटण दाबलं, आणि पान पुढं गेलं. अर्ज क्रमांक आला. खाली माझे मराठी शब्द आले.

मी एवढ्या जोरात "सर!" म्हणून ओरडले, की खालच्या दुकानातला नोकर जिन्यातून डोकावला. सरांनी चहा आणि भजी मागवली. पुन्हा पुन्हा बटण दाबून ते पान सरकताना मी बघत होते. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली होती आणि मी उगाचच हसत होते. पेडगावच्या पुढं रानात बाया ओळीनं वाकून, न उगवलेल्या जागी पुन्हा सरकी टोबत होत्या. मला तेही फार सुंदर दिसलं.

त्या दोन तिरक्या रेघा तशाच राहिल्या होत्या.

एक्झिटच्या खाली काय होतं, तर 'अर्ज रद्द करा' या दुसऱ्या बटणाचं काम. कुणी ते दाबलं तर जोडलेले कागद पुसायचे आणि यादीत त्या नावापुढं 'रद्द' लिहायचं. गुरुवारी दुपारपासून ज्या ज्या मुलीनं अर्ज सादर केला, तिला पुढच्या पानावर क्रमांक दिसला, काळजी करू नका म्हणून वाचायला मिळालं, आणि ती ते वाचत असताना मागं माझी स्क्रिप्ट न थांबता खाली गेली आणि त्या मुलीचे कागद पुसून तिनं अर्ज रद्द केला. पान पुढं जातंय एवढंच मी बघितलं होतं. मागं काय होतंय ते बघितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी अर्ज बंद झाले तेव्हा मी यादी काढली. सतरा नावांपुढं 'रद्द'. आधी वाटलं, पोरींनी चुकून दाबलं असेल. मग सगळ्यांच्या वेळा बघितल्या. पहिला अर्ज गुरुवारी साडेबारानंतरचा.  यादी घेऊन मी सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हे मला आजही आठवतं. त्यांनी खुर्ची ओढली, कॉलेजला फोन लावला, 'थोडी तांत्रिक अडचण' असं काहीतरी बोलले आणि सोमवारी बारापर्यंतची मुदत मागून घेतली. नावं, मार्क, फोन नंबर शाबूत होते. कागद तेवढे पुन्हा हवे होते. आम्ही दोघं फोनवर बसलो. सोळा जणींचे फोन लागले. कुणी चिडल्या, एकीचा बाप फार बोलला, पण सोमवारी येतो म्हणाले.

सतराव्या मुलीचा फोन बंद होता. मुक्ता. मानवतच्या पुढचं एक गाव. बारावीला विज्ञान, मार्क चांगले. आम्ही पंधरा-वीस वेळा लावला.

"मेसेज टाकून ठेव," सर म्हणाले. "फोन चालू झाला की बघतील."

मी टाकला. मराठीतच टाकला. "आपला अर्ज तांत्रिक कारणाने रद्द झाला आहे, सोमवारी बारापूर्वी कागदपत्रे घेऊन कॉलेजात या."

"उद्या मी जाऊन येते सर तिच्या गावाला," मी म्हणाले.

"जमेल का तुला?"

"सेलूहून मानवतला एसटी आहे. तिथून पुढं बघते."

आणि दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. घरी गेले तर दारातच अप्पा उभे. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, लातूरकडचे, अप्पांच्या ओळखीतले. दोन महिन्यांपासून त्या घराशी बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, मला सकाळी एका गावाला जायचंय. अप्पा म्हणाले, "संगे, पाहुणे दहाला यायलेत. त्यांना काय सांगू, पोरगी एसटीत बसून गेली म्हणून?" मी दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. मेसेज केलाय, ती बघेल, असं मनाला समजावलं. रविवारी हिरवी साडी नेसून, पोह्यांचं ताट हातात धरून मी पाहुण्यांसमोर बसले होते. कुणीतरी विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करता?" ते स्थळ पुढं जमलंही नाही.

सोमवारी सोळा जणी आल्या. बारा वाजले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, ती इकडंच येईल असं वाटत होतं, खरं तर तिनं यायचं होतं कॉलेजात. दोन दिवसांनी यादी लागली. मी मुक्ताचे मार्क घेऊन त्या यादीवर ठेवून बघितले. अकराव्या जागी बसत होते. चाळीस जागांत अकरावी. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कुणाला दाखवला नाही.

पुढच्या रविवारी मी गेले. मानवतला एसटीतून उतरले, तिथून जीपनं फाट्यापर्यंत, पुढं चालत. पाऊस होऊन गेला होता, चपलेला काळ्या मातीचे थर चढत होते. मेंढरं पाळणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. काट्याच्या कुपाट्यात कोकरं होती, ओल्या लोकरीचा उग्र वास येत होता. मुक्ताच्या आईनं, पारूबाईनं, मला बघून घोंगडी अंथरली.

"तुमी कालिजातल्या का, बाई?" त्यांचा चेहरा एकदम फुलला. "मुक्ते! ये, बिगीन ये! कालिजातून आल्या बाई! नंबर लागला वाटतं!"

मुक्ता हात पुसत आली. सडपातळ, सावळी, केस घट्ट विंचरलेले. मी काही बोलायच्या आत ती घरात जाऊन वही घेऊन आली. वहीच्या पहिल्या पानावर तिनं अर्ज क्रमांक लिहिला होता, आणि त्याखाली माझी तिन्ही वाक्यं, जशीच्या तशी, सुंदर अक्षरात.

"तुमी फोन करू म्हणला होता ना," ती म्हणाली. "फोन वडलाजवळ असतो, आबाजवळ, ते मेंढरामागं. मी रोज भाकर घेऊन जायले आन् फोन बघायले. मधे तीन दिस चार्जिंगच नव्हतं. मंग सोमवारी सांजच्याला हे आलं."

तिनं फोन पुढं केला. जुना, बटणांचा फोन. मी पाठवलेला मेसेज त्यावर आला होता. त्या फोनला मराठी अक्षरं येत नव्हती. पडद्यावर ओळीनं नुसते चौकोन उमटले होते.

"हे काय हाय ताई? मी लय बघितलं. गुरुजीलाबी दाखवलं. त्यांनाबी कळंना."

मी सांगितलं. पण कसं सांगितलं? "कॉम्प्युटरची चूक झाली," असं सांगितलं. तुझा अर्ज कॉम्प्युटरनं रद्द केला, सोमवारपर्यंत मुदत होती, आता यादी लागली. पारूबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "हिच्या बापानं शबुद दिलाय हिला. नंबर लागला तर शिकवतो. न्हाई लागला तर पोरगं बघतो."

मुक्तानं वही मिटली. तिनं एकच विचारलं.

"अर्ज ऱ्हायला असता, तर माझा नंबर लागला असता का, ताई?"

माझ्या पर्समध्ये तो कागद होता. अकरावी जागा. पर्स माझ्या मांडीवर होती आणि माझा हात तिच्यावर होता.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "यंदा मार्क खूप वर गेले होते."

हे मी तिच्यासाठी केलं, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. खरं कळून तिला जास्त दुखलं असतं, वगैरे. पण तेव्हा, त्या घोंगडीवर बसलेली असताना, मला भीती वाटली होती एवढंच. ती आणि तिची आई माझ्याकडं कशा बघतील, याची.

मंगळवारी मी तिला कॉलेजात घेऊन गेले. तिच्या हातात पुन्हा सगळे कागद होते, पिशवीत नीट गुंडाळलेले. खिडकीतल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जागा भरल्या, पुढच्या वर्षी या. गिरीश सरांनी पत्र द्यावं, चूक आमची म्हणून, असं मी त्यांना सांगून बघितलं.  ते म्हणाले, "लिहून दिलं तर आपल्याकडं कोण काम देईल, संगीता? आन् लिहून दिलं म्हणून जागा तयार होणार हाय का?"  मी स्वतः लिहून देऊ शकले असते. माझ्या नावानं. तेही सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी बाजूला सारलं, आता नीट आठवत नाही.

मुक्ताला एसटीत बसवताना मी पारूबाईंसाठी माझा नंबर तिच्या वहीत लिहून दिला. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा फोन आला. "पोरगी पूर्ण्याला दिली बाई. पोरगा रेल्वेत हाय, रुळाच्या गँगमधी. चांगला हाय. तुमी लग्नाला या." मी गेले नाही. जाऊन कुठं बसणार होते, कुणाकडून?

त्यानंतर मी वर्षभरच सरांकडं काम केलं. आता घरूनच करते, लांबच्या कंपन्यांचं. कामात माझं नाव चांगलं आहे. माझ्याइतकं तपासून कुणी देत नाही म्हणतात. नवीन लागलेली मुलं विचारतात, मॅडम, पान पुढं गेलं ना, मग अजून काय बघायलात? मी त्यांना सर्व्हरवरची नोंद उघडून दाखवते, रिडायरेक्टनंतर स्क्रिप्ट खरंच थांबली का ते बघायला लावते. ती कंटाळतात. मी कारण सांगत नाही. मुक्तानं वहीत उतरून घेतलेली ती वाक्यं कधीकधी डोळ्यांपुढं येतात, त्यातला 'काळजी'चा ळ तिनं मोठा आणि गोल काढला होता.

श्रेयावर ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पारूबाईंना फोन लावला आणि मुक्ताचा पत्ता विचारला. त्यांनी मला ओळखलं. कशाला हवाय, असंही विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं मी पूर्ण्याला गेले. जंक्शनवर उतरल्यावर गाड्यांच्या शिट्ट्या, तापलेल्या लोखंडाचा वास, पुलावरून उतरणारी माणसं. विचारत विचारत रुळांच्या कडेच्या वस्तीत पोचले. लहान घर, पुढं अंगण, शेजारच्या घराला लागून कंबरेएवढी भिंत. अंगणात मुक्ताच्या सासूबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मुक्ता शिलाई मशीनवर होती. अंगानं भरली होती. पायाशी तीन-चार वर्षांची मुलगी चिंध्यांशी खेळत होती.

तिनं मला लगेच ओळखलं. "ताई, तुमी?" म्हणत उठली, पाणी दिलं. सासूबाईंना म्हणाली, "ह्या कालिजातल्या बाई." सासूबाई मान हलवून पुन्हा भाजीकडं वळल्या.

मी गाडीत सगळं जुळवून आले होते, पण तिच्यासमोर बसल्यावर ते जमलं नाही. एकदम म्हणाले, "मुक्ता, ती कॉम्प्युटरची चूक नव्हती. माझी होती. मी एक शब्द खोडून ठेवला आणि परत घालायला विसरले."

ती हातातलं कापड दुमडत राहिली.

"तुमी कॉम्प्युटरची चूक म्हणला होता," ती म्हणाली. "पर कॉम्प्युटर तर मीच चालवला होता ना, ताई. दुकानातला माणूस लांब होता, मीच बटन दाबलं होतं. मला वाटायचं, माझ्याच हातून दुसरं बटन दाबलं गेलं. घरी सगळ्यांनाच वाटायचं. आबा मरूस्तोवर म्हणायचे, हिला येडीला बटन दाबता आलं न्हाई. हितंबी तेच माहीत हाय सगळ्याला."

सात वर्षं. हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नव्हता. मी माझी चूक लपवली होती आणि ती तिथं उघडी पडून राहिली होती, तिच्या नावावर.

"तू बरोबर दाबलं होतंस," मी म्हणाले. "सगळं बरोबर भरलं होतंस. आणि अजून एक. तू विचारलं होतंस नंबर लागला असता का. मी खोटं बोलले. लागला होता. मी यादीवर ठेवून बघितलं होतं."

कापड दुमडणारे हात थांबले.

"कितवा?"

"अकरावा."

"कितीत?"

"चाळीस जागांत."

"अकरावा," ती म्हणाली. बाहेरून मालगाडी गेली आणि घर हललं. ती आता रडेल, किंवा मला जा म्हणेल, असं वाटून मी पर्स घट्ट धरून बसले. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अंगणाकडं वळून मोठ्यानं हाक मारली.

"आत्याबाई, ऐकलं का? माझा नंबर लागला होता."

"कशात?" सासूबाईंनी भाजीतून डोकं वर केलं.

"नर्सच्या कालिजात. अकरावा. चाळिसात. ह्या बाईंनी सोता बघितलाय."

"कवा?"

"लग्नाच्या आदी. मी बटन बरोबर दाबलं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मांडीवर अंबाडीची पानं होती. "मंग हे आमाला कामून सांगितलं न्हाई कुणी?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मुक्ता थांबली नव्हती. पोरीला कडेवर घेऊन ती अंगण ओलांडून भिंतीपाशी गेली होती. पलीकडं शेजारीण कपडे वाळत घालत होती. मुक्तानं तिला हाक मारून जवळ बोलावलं, आणि कडेवरच्या पोरीला सावरत, एका हाताची बोटं उघडून तिला आपला नंबर सांगायला लागली.